येडगावची चौकशी

मी तेहतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. गर्दीच्या गाडीत माणसांचे चेहरे दिसत नाहीत, काखा आणि पिशव्या दिसतात. माणूस ओळखायचा तो आवाजावरून. मागून कुणी नुसतं "एक द्या" म्हणालं तरी तो कुठे उतरणार हे मला बऱ्याचदा कळायचं. तळेघरकडचा माणूस तिकीटसुद्धा असं मागायचा, की जणू त्याच्यामुळे आपल्याला त्रास होतोय. मंचरचा व्यापारी फक्त गावाचं नाव घ्यायचा, पुढं-मागं काही नाही. पुण्याहून भीमाशंकरला निघालेली पोरं आधी "दादा" म्हणायची आणि सुट्टे नाहीत म्हटलं की "मास्तर" म्हणायला लागायची.

त्यातून माझा एक नियम तयार झाला. मला बघून ज्याचा आवाज बदलला, त्याच्याकडं काहीतरी लपवलेलं आहे. बायका एरवी खणखणीत भांडायच्या, आणि पिशवीत कोंबडी असली की माझ्याशी अगदी गोड बोलायच्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट झाला तेव्हा तर कहरच झाला. दारात "आरं सरक की, रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का" असं ओरडून आत शिरलेला गडी माझ्यासमोर आला, की त्याचा आवाज थरथरायला लागायचा. "बाळा, कार्ड घरी ऱ्हायलं रं." मी वय विचारायचो. तो आकडा सांगताना आवाज आणखी म्हातारा करायचा. असे मी किती पकडले याची गणती नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची.

निवृत्त झालो तरी ही सवय सुटली नाही. बायको फोनवर तिच्या बहिणीशी बोलत असली तरी मी वर्तमानपत्रातून डोकं वर काढतो. ती म्हणते, "तुमी देवळातल्या गुरवाचा मंत्र बी तपासाल." घरात ही चेष्टाच होती, पण सोयरीक जुळवायची वेळ आली की हेच लोक मला पुढं करायचे. तुझा कान तयार आहे, तू बघ म्हणायचे. मी अशी चार-पाच घरं बघून दिली होती. त्यामुळे निमगाव सावाला माझ्या थोरल्या बहिणीकडं, म्हणजे अक्काकडं, भाचीला बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर मी आदल्या दिवशीच जाऊन बसलो. भाची नारायणगावला एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायच्या कामाला होती. हुशार पोरगी, आणि बोलायला लागली की घड्याळ मागे पडायचं.

मुलगा येडगावचा होता. घरची शेती, दोन गाई, शिवाय नारायणगावला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगचं काम. दिसायला नीटनेटका. आल्या आल्या माझ्या मेव्हण्याला, दाजींना, म्हणाला, "औंदा कांद्याला करपा लई व्हता, न्हाई का? आमचा तर निम्मा गेला." दाजी एरवी पाहुण्यांसमोर चार शब्द बोलत नाहीत, ते खुलले आणि औषधाच्या फवारण्या सांगत बसले. मग पोरगा माझ्याकडं वळला. मी इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा लावून बसलो होतो. मला म्हणाला, "आपण सेवेत असताना कोणत्या मार्गावर होता?" कोणत्या मार्गावर! आत्ता कांद्याच्या करप्यावर बोलणारा हाच का, असं मला वाटून गेलं. दाजींचे एक जुने मित्र जुन्नरहून आले होते, त्यांचं गादीचं दुकान आहे, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्याशी तो त्यांच्या घरच्या हिंदीत बोलला. "चाचा, तबियत कैसी है? धंदा कैसा चल रा?" चाचा खूश.

एका बैठकीत तीन आवाज. माझ्या नियमानं तीन पिशव्या तपासायला हव्या होत्या.

दुसरी गोष्ट त्याच्या वडिलांची. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत मफलर गालापर्यंत गुंडाळून बसले होते. नमस्कार केला तो एका हातानं. दाजींनी काही विचारलं की मान हलवायचे आणि उत्तर त्यांची बायको द्यायची. दोन तासांत त्या माणसानं एक शब्द उच्चारला नाही. मी आत जाऊन अक्काला म्हणालो, "बागायत जमीन हाय ना धरणाकाठची. मग कशाला तोंड उघडतोय माणूस?" अक्का पोहे वाढत राहिली.

मुलामुलीला दहा मिनिटं गच्चीवर बोलायला पाठवलं. खाली आले तेव्हा भाची मला जरा वेगळी वाटली. एरवी तिचं बोलणं म्हणजे उताराला लागलेली गाडी, पण त्या दिवशी पाहुण्यांना पाणी देताना, निरोप देताना ती एकेक शब्द सावकाश बोलत होती, आणि जास्त करून त्या न बोलणाऱ्या वडिलांशी. "पुन्हा... या... हं." मला ते खटकलं. दहा मिनिटांत या पोरानं हिलाही बदललं, असं मनात आलं.

पाहुणे गेल्यावर सगळे खूश होते. चाचा म्हणाले, "लडका अच्छा है." मी म्हणालो, "तुमच्याशी तुमच्यासारखा बोलला म्हणून तुम्हाला चांगला वाटला. खरा कसा बोलतो ते कुणाला ठाऊक?" चाचांनी पान तोंडात टाकलं आणि मराठीत म्हणाले, "कंडक्टरसाहेब, मी घरी एक बोलतो, दुकानात एक बोलतो, तुमच्याकडं आलो की हे बोलतो. मी चोर हाय का?" सगळे हसले. मीही हसलो, पण माझं मन काही निवलं नाही. भाचीला मुलगा पसंत होता हे तिच्या तोंडावर दिसत होतं. म्हणूनच तर मला जास्त काळजी वाटली. आयुष्य तिचं जायचं होतं त्या घरात, आणि चूक झाली तर उद्या सगळे मला विचारणार होते की तुझा कान तेव्हा काय करत होता.

आमच्याकडं चौकशीला जायची एक रीत आहे. मुलाच्या घरी जायचं नाही. गावात जायचं, चहाच्या टपरीवर बसायचं, न्हाव्याकडं दाढी करायची, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी कामाला आलोय असं दाखवायचं. सरळ काही विचारायचं नाही. सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळत नाही, असं सगळे धरून चालतात. मी जुना पायजमा घातला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि सकाळच्या गाडीनं येडगावला उतरलो. टपरीवर बसून म्हणालो, "राव, कुणाची जुनी पाण्याची मोटार इकायची हाय का गावात?" असा आवाज मी एरवी वापरत नाही. पण तो कामाचा भाग होता, त्याचा मी तेव्हा विचारही केला नाही.

टपरीवाल्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, चहा पुढं सरकवला आणि म्हणाला, "पोरगं चांगलं हाय, पावणं. घर बी चांगलं हाय. बिनघोर द्या."

मी कुठल्या पोराचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

न्हाव्याकडं तेच. मी मोटारीचं बोलतोय आणि तो माझ्या गालाला साबण लावत म्हणतोय, "येसन न्हाई, काय न्हाई. लई गुणाचं पोरगं." दाढी होईपर्यंत आणखी दोघंजण आत येऊन पोराची तारीफ करून गेले. गावात मोटार शोधणारा माणूस आलाय म्हणजे कुणाकडं चौकशी आली, हे लहान पोरंसुद्धा ओळखतात. आणि दुसऱ्याच्या घरचं जमत आलेलं लग्न आपल्या तोंडानं मोडायला कुणी धजत नाही. हे मला माहीत होतं. म्हणूनच अख्खं गाव एकाच चालीत चांगलं बोलायला लागल्यावर माझा संशय वाढला. कुणीतरी एखादी खोड सांगितली असती तर मी निवांत घरी गेलो असतो.

मग मी दिवसभर धरणाकडच्या रस्त्यावर वेळ काढला आणि संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला डेअरीच्या बाहेर, एका टेम्पोच्या आडोशाला उभा राहिलो. मोटारसायकलवर मुलगा आला, मागे वडील, पुढं किटली. मुलगा डेअरीवाल्याशी भराभर बोलत होता, फॅट कमी लागली म्हणून त्याची टर उडवत होता, तोही उलट देत होता. चांगला झरझर बोलणारा पोरगा. आणि मग तो वडिलांकडं वळला.

"बा...बा," तो म्हणाला, "कि...टली... धरा."

त्याचा आवाज पार बदलला होता. शब्द तुटत होते, ओढले जात होते, तोंडाची एक बाजूसुद्धा जराशी खाली आली होती. वडील म्हणाले, "ध...र...तो." तसेच तुटत, तसेच ओढत. मला तेव्हा कळलं की बापाची जीभ अडखळते, म्हणून तो आमच्याकडं तोंड दाबून बसला होता. म्हणजे दोष लपवला. आणि वर हा दिवटा चार माणसांत बापाच्या तोंडावर बापाला वेडावतोय. बाप हसत होता, तोंड वाकडं करून. सवय झाली असेल बिचाऱ्याला, असं मला वाटलं. डेअरीवाला मान खाली घालून लिहीत होता. माझं डोकं भणभणलं. तिथं एका माणसाला एवढंच विचारलं असतं की हे काय चाललंय, तर सांगितलं असतं कुणीही. पण चौकशीत सरळ विचारायचं नसतं. आणि विचारलं असतं तरी त्यानं "लई गुणाचं पोरगं" हेच म्हटलं असतं, अशी माझी खात्री होती. शेवटची गाडी आली, मी चढलो.

अक्काच्या घरी मी सगळं सांगितलं. "जो बापाला वेडावतो तो बायकोला काय करील?" हे वाक्य मी दोनदा म्हणालो. दाजी जमिनीकडं बघत बसले. अक्काचे डोळे भरले. भाची दाराला टेकून उभी होती, ती म्हणाली, "मामा, तसं नसंल ते."

"मग कसं असंल?"

तिचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. मी म्हणालो, "बाळ, तो तुझ्याशी तुला आवडंल असंच बोलणार. माझा जन्म गेलाय हे ऐकण्यात." ती आत निघून गेली. मध्यस्थाला निरोप दिला. खरं कारण कुणी सांगत नाही, पत्रिका जुळत नाही असं कळवायची पद्धत आहे. तेच कळवलं.

पुढं चार महिन्यांत दुसरं स्थळ आलं. मुलगा चाकणला कंपनीत सुपरवायझर. या खेपेला मी कान टवकारून बसलो होतो, आणि मला समाधान वाटलं. हा गडी सगळ्यांशी एकाच आवाजात बोलत होता. दाजींशी, माझ्याशी, चाचांशी, त्याच्या आईशी, फोनवर त्याच्या हाताखालच्या पोरांशी, सगळीकडं तेच. मोजकं आणि ठाम. चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "थोडा कडक वाटतो." मी म्हणालो, "कडक असू दे. आत-बाहेर एक हाय." लग्न झालं. मामा म्हणून मीच भाचीला धरून अंतरपाटापाशी नेलं. तिचा हात गार होता. मला वाटलं, थंडीचे दिवस आहेत.

यंदा हयातीच्या दाखल्याच्या कामाला मी जुन्नरला गेलो होतो. काम उरकून स्टँडवर बसलो, तर समोरून येडगावचा तोच मुलगा आणि त्याचे वडील आले. मी वर्तमानपत्रात तोंड घालणार होतो, पण त्यानं ओळखलं. "नमस्कार मामा. बऱ्याच दिवसांनी भेट झाली आपली." आवाजात काही राग नाही. मग वडिलांच्या कानाशी वाकून, तोच डेअरीवरचा आवाज. "बा...बा, हे... निम...गावचे... मामा."

म्हातारे माझ्या शेजारी बसले. बराच वेळ त्यांचे ओठ जुळत होते. मग म्हणाले, "मु...लगी... क...शी... हाय?"

मी म्हणालो, "ब...री... हाय. ल...गीन... झालं... तिचं."

हे माझ्याच तोंडून बाहेर आलं. मी ठरवलं नव्हतं. माझे शब्द तुटले होते, ओढले गेले होते, आणि ओठाची डावी बाजू खाली ओढल्यासारखी झालेली मला स्पष्ट जाणवली. आता हे दोघं म्हणतील की मी म्हाताऱ्याला वेडावतोय, या भीतीनं मी मुलाकडं बघितलं. त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. म्हातारे तर खूश दिसत होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर उजवा हात ठेवला आणि म्हणाले, "चां...गलं... झालं. पत्रि...का... न्हाई... जु...ळली. मला... वा...टलं... मा...झ्या..." पुढचं त्यांना जमलं नाही. आम्ही तिघंही थांबलो, पण ते आलं नाही.

मुलगा त्याच्या नेहमीच्या आवाजात मला म्हणाला, "झटका येऊन चौथं वर्ष लागलं. समोरचा भरभर बोलला की घाबरतात, मग आहे तेवढंही बंद होतं. त्यांच्यासारखं बोललं की बोलतात. आता डेअरीवालाबी तसंच बोलतो त्यांच्याशी, त्याला कळत बी न्हाई." एकाच दमात तो पुस्तकी मराठीवरून गावाकडच्यावर घसरला, आणि ते मी नेमकं टिपलं. मग मला माझीच लाज वाटली. मी विचारलं, तुमचं लग्न? तो म्हणाला, "बघतोय अजून." त्यांची गाडी लागली. त्यानं वडिलांना आधी चढवलं, आणि दारातल्या कंडक्टरला म्हणाला, "भाऊ, जरा सावकाश, हं." मी तिथंच बसून राहिलो. माझी गाडी आली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाचीला फोन केला. आधी इकडचं तिकडचं झालं. ती आमच्या घरच्या बोलीत भडाभडा बोलत होती, भाजीवालीचं, शेजारणीचं, दाराशी येणाऱ्या मांजराचं. मला बरं वाटत होतं ते ऐकून. मग मी तिला स्टँडवरचं सांगितलं, सगळं, माझ्या तोंडाचं काय झालं तेसुद्धा.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला म्हाईत व्हतं, मामा. गच्चीवर सांगितलं व्हतं त्यानं. त्याच्या बाबाला वाटत व्हतं, आपल्या तोंडामुळं पोराचं लगीन मोडंल. म्हनून ठरल्यावर बाबा सोता सांगनार व्हते. तवर कुनाला बोलू नको म्हनला, आन मी सबूद दिला."

"आगं, मग मला तरी सांगायचं. मी एवढं बोललो तवा."

"तुमी इचारलं का मला? तुमी येडगावात न्हाव्याला इचारलं, टपरीवाल्याला इचारलं. मला यकदा बसवून इचारलं असतं, काय बोलला तो, तर सबूद मोडून सांगितलं असतं मी. तुमी आलात ते सांगायलाच आलात." तिच्या आवाजात राग होता, आणि मला तो बरा वाटला, कारण तो तिचा होता. "मामा, मला तो लई..."

आणि मध्येच तिचा आवाज बदलला. बारीक झाला, सपाट झाला, शब्द एकेक करून नीट मांडल्यासारखे आले. "हो मामा. सगळं छान आहे इथे. आईला सांगा काळजी करू नको म्हणून. बरं, ठेवते मी."

दार उघडल्याचा आवाज मला आला नव्हता. जावई घरी आले, एवढं मात्र कळलं.